ब्रो म्हणजे नेमकं कोण?

खडेबाजारकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथं नुसता वाचत होतो. आज लिहायला बसलोय ते एका जोडाक्षरामुळं. ब्रो.

बेळगावात खडेबाजारात माझं साड्यांचं दुकान आहे, वडलांनी सुरू केलेलं. इरकल, गुळेदगुड्डचे खण, लग्नसराईत पैठण्या. माझं वय ५६. मराठी गिऱ्हाईक मला शेठ म्हणतं नाहीतर मामा म्हणतं, कानडी गिऱ्हाईक अण्णा म्हणतं, कॅम्पातून येणाऱ्या बायका भाईसाब म्हणतात. तीस वर्षं या सगळ्या नावांना ओ देत आलोय आणि कधी काही वाटलं नाही.

गेल्या आठवड्यात दुपारी एक पोरगा आला. वीस-बावीसचा असेल, हेल्मेट काखेत. आईला साडी पाहिजे म्हणाला. सात-आठ इरकली उलगडून दाखवल्या. शेवटी हिरव्या अंगाची, लाल पदराची एक त्याला पसंत पडली. त्यानं काठावरनं अंगठा फिरवला, मग साडी पालथी करून मागची बाजू बघितली. ज्याला साडी कळते तो आधी मागची बाजू बघतो, हे त्याला त्याच्या आईनं शिकवलेलं असणार. मला बरं वाटलं. आणि मग तो म्हणाला, "ब्रो, दोनशे कमी करा की."

माझ्या पोराच्या वयाचा. माझ्या मिशा पांढऱ्या. मी शंभर कमी केले, साडी बांधून दिली, पण तो शब्द दिवसभर कानात राहिला. रात्री घरी आलो तर माझी मुलगी फोनवर मैत्रिणीला म्हणत होती, "ब्रो, उद्या येऊलालीस काय?" पोरगीच पोरगीला ब्रो! विचारलं तर म्हणाली, "पप्पा, तसं नसतं ते." मग कसं असतं?

तेच विचारायचंय. या शब्दाचा अर्थ काय, तो कुणाला म्हटलेला चालतो, आणि माझ्यासारख्या माणसानं त्याचा राग मानावा की नाही? मनापासून विचारतोय. दुकानात रोज नवीन पोरं येतात, त्यांना मी काय समजून उत्तर द्यायचं ते मला कळायला हवं.

तिसरं गेट

काका, मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि दिवसातनं शंभरदा तरी हा शब्द माझ्या तोंडात येत असेल. त्यामुळं मीच आधी सांगतो.

आमच्यात ब्रो म्हणजे सख्खा भाऊ नव्हे, चुलतही नव्हे. "ऐक", "अरे", "हे बघ" यांच्या जागी तो येतो. अर्थ सगळा स्वरात असतो. "ब्रो, नोट्स पाठव" म्हणजे साधी हाक. नुसतं "ब्रो!" म्हणजे आश्चर्य. "ब्रोऽऽ" असं लांबवलं की "काय केलंस हे". त्याचाच भाऊबंद ब्रुह. ती हाक नसतेच, कुणी अगदीच न पटणारं बोललं की आपोआप निघालेला उद्गार असतो तो.

आणि मुलींचं म्हणाल तर हो, आमच्या वर्गात मुलीच मुलींना जास्त म्हणतात. त्यात पुरुष-बाई राहिलेलं नाही.

अजून एक नवीन वापर आहे. मीम्समध्ये ब्रो म्हणजे "तो". फोटोतल्या अनोळखी माणसाबद्दल लिहितात, "ब्रोला वाटतंय कॉलेज ह्याच्या आजोबांचं आहे." तिथं कुणालाच हाक मारलेली नसते, ते सर्वनाम झालंय.

तुम्हाला म्हणालेल्या त्या पोराच्या मनात वाकडं काही नसणार, एवढं खात्रीनं सांगतो.

मलप्रभाकाठ

खानापूरच्या बाजूला शाळेत भाषा शिकवून निवृत्त झालो. प्रश्न आवडला, म्हणून सविस्तर लिहितो.

ब्रो हा ब्रदरचा संक्षेप. तो आजकालच्या पोरांनी काढलेला नाही. इंग्रजीत १७व्या शतकापासून तो सापडतो, आणि मठातल्या किंवा धर्मसंघातल्या "बंधूं"च्या नावाआधी लिहायची ही आखूड खूण होती. आपण श्री. लिहितो तशी. रस्त्यावरच्या बोलण्यात तो आला तो मुख्यतः अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या तोंडून. चर्चमध्ये एकमेकांना ब्रदर, सिस्टर म्हणायची त्यांची रीत. त्याही आधी, गुलामगिरीच्या काळातल्या त्यांच्या लोककथांत ससा येतो तो "ब्रेर रॅबिट" म्हणून. ब्रेर म्हणजे ब्रदरच. आपल्याकडं गोष्टीत कोल्होबा, ससोबा असतात, तसा तिकडं ससेभाऊ. ज्यांची घरं विकून फोडली जात होती, आई एका मळ्यावर आणि लेकरू दुसऱ्या, त्या माणसांनी परक्याला भाऊ म्हणणं ही हलकी गोष्ट नव्हती. आज पोरं तो शब्द सहज फेकतात, पण त्याच्या पोटात एवढं दुःख आहे हे मला सांगावंसं वाटतं.

आता आपल्या घरचं. संस्कृत भ्रातृ, फारसी बिरादर, लॅटिन फ्रातेर, इंग्रजी ब्रदर ही सगळी एकाच मुळाची पोरं. भ्रातृचं प्राकृतातून येता येता मराठीत भाऊ झालं. म्हणजे भाऊ आणि ब्रो हे शब्द स्वतःच एकमेकांचे चुलत भाऊ! एकानं पूर्वेची वाट धरली, एकानं पश्चिमेची, आणि खडेबाजारात तुमच्या काउंटरवर दोघांची गाठ पडली.

व्याकरणाचं एक बघा. भाऊला हाक मारताना त्याचं रूप बदलतं, "भावा". ब्रो तसाच राहतो, "ब्रोला", "ब्रोनं". परक्या शब्दाला आपण प्रत्यय लावले, पण अंग बदलायला लावलं नाही.

संकेश्वरी मिरची

सर, माहिती चांगली, पण मला मुळातच पटत नाही. आमच्याकडं "भावा" हा शब्द असताना ब्रो कशाला? संकेश्वर-निपाणीपासून कोल्हापूरपर्यंत "काय भावा" म्हटलं की माणूस हसतो. त्यात ऊब आहे. पाव्हणं आहे, मामा आहे, दाजी आहे, तात्या आहे. यष्टीतल्या अनोळखी म्हाताऱ्याला आपण तात्या म्हणतो आणि तो सरकून जागा देतो. "सरका की ब्रो" म्हटल्यावर देईल काय?

एकेक हाक गेली की तिच्याबरोबर एक नातं जातं. माझ्या आजोळी गड्यालाही मामा म्हणायची शिस्त होती. ते सगळं एका ब्रोमध्ये कोंबायचं आणि वर पोरांना वाटतं की आपण जवळीक दाखवतोय. मला फार वाईट वाटतं याचं.

निपाणीची सून

संकेश्वरीताई (की दादा?), तुमचं दुखणं माझंही आहे. माझा मुलगा आठवीत आहे. परवा ताटावर बसून मला म्हणाला, "ब्रो, आमटीत मीठ नाही." माझ्या हातातला डाव तसाच राहिला. आपल्याच घरात आपली जागा कुणीतरी पुसली, असं वाटलं. आमच्या सासूबाई तर दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत.

ओरडले नाही. पण तेव्हापासून लक्ष ठेवून आहे, कधी ब्रो म्हणतो आणि कधी आई म्हणतो. खेळून आला, जिंकला, मजेत असला की ब्रो. डबा हवा, पैसे हवेत, तेव्हा आई. गेल्या महिन्यात ताप आला, १०२. रात्रभर "आई गं, आई गं" चाललं होतं, एकदाही ब्रो नाही. म्हणजे शब्द गेलेला नाही, आत ठेवलाय. तरीही ताटावर तो मला चालणार नाही, आणि मी त्याला तसं सांगितलंय. बाहेर मित्रांना काय म्हणायचं ते म्हण. त्यानं ऐकलंय, बहुतेक.

तिसरं गेट

काकू, आई-वडलांना म्हणणं आम्हालाही पटत नाही. माझा एक मित्र प्रॅक्टिकलला सरांना चुकून "यस ब्रो" म्हणाला. सगळी लॅब गप्प झाली. सर काही बोलले नाहीत, पण तो अजून त्यांच्या समोर जायला कचरतो.

हिरण्यकेशी

माझी मातृभाषा कन्नड, घर हुक्केरी तालुक्यात, शाळेतल्या मैत्रिणी मराठी, म्हणून इथं असते. मराठी लिहिताना चुकलं तर सांभाळून घ्या.

कन्नड बाजूनं सांगते. तुमच्याकडं भाऊ हा एक शब्द मोठ्यालाही चालतो, लहानालाही. आमच्या रोजच्या बोलण्यात तसा एक शब्दच नाही. मोठा तो अण्णा, लहान तो तम्मा. मोठी ती अक्का, लहान ती तंगी. सहोदर म्हणावं तर ते पुस्तकातलं. म्हणजे "हा माझा भाऊ" एवढं सांगायचं तरी वय सांगावंच लागतं. अनोळखी माणसाला हाक मारताना तर आधी तोंडाकडं बघून वय ठरवायचं, मग शब्द काढायचा. चुकलं की तो दुखावतो. पंचविशीतल्या मुलाला कुणी तम्मा म्हटलं तर त्याला लहान केल्यासारखं वाटतं, आणि चाळिशीतल्या माणसानं विशीतल्याला अण्णा म्हटलं तर ऐकणाराच गोंधळतो.

बेंगळुरूकडची मुलं दोस्ताला मगा म्हणतात. मगा म्हणजे खरं तर मुलगा, लेक. आमच्या उत्तरेत "ले" चालतं, पण ते फक्त जवळच्यात. परक्याला ले म्हटलं तर भांडण होईल. ब्रोला वय नाही, म्हणून तो आमच्या मुलांनाही सोपा पडला.

आणि धागाकर्त्या अण्णांना एक सांगायचंय. त्या मुलानं ब्रो म्हटलं, पण पुढं काय म्हटलं ते बघा. "कमी करा." कर नाही म्हणाला. आमची मुलंही दुकानात "ब्रो, स्वल्प कम्मी माड्री" म्हणतात. तो शेवटचा री म्हणजे मान. दोस्ताला म्हणताना "माडो" होतं, नाहीतर "माडले". घरी आलेल्या मोठ्याला "बर्री", मित्राला "बा". तुमचा मान त्यानं ब्रोमध्ये नाही, करामध्ये ठेवला होता.

मलप्रभाकाठ

हिरण्यकेशीताई, चूक काढायला जागाच ठेवली नाहीत. आम्ही सगळे नामाकडं बघत बसलो आणि तुम्ही क्रियापद दाखवलंत.

त्यात थोडी भर घालतो. मराठीतलं करा आणि कानडीतलं माडिरि, म्हणजे बोलण्यातलं माड्री, ही दोन्ही मुळात अनेकवचनं. एका माणसाला अनेकवचनात बोलायचं, हीच दोन्ही भाषांची आदर दाखवायची रीत. भाषांची कुळं वेगळी, एक आर्य, एक द्रविड, पण शेजार एवढा जुना की मन एकच. इंग्रजीतही कधीकाळी हेच होतं. एकट्या जवळच्या माणसाला दाउ आणि मोठ्याला यू. १७व्या शतकात दाउ रोजच्या बोलण्यातून निघून गेला आणि सगळ्यांना एकच यू उरला. त्यामुळं इंग्रज माणसाला जवळीक किंवा अंतर दाखवायचं तर ते हाकेतच दाखवावं लागतं. सर, मेट, ब्रो. आपल्या पोरांकडं क्रियापद शाबूत आहे, म्हणून ती हाकेला इतकी मोकळी सोडू शकतात.

"ब्रो, कमी करा" हे वाक्य म्हणूनच इंग्रजीत होणारच नाही. ते आपल्याकडचंच वाक्य आहे.

राजहंसगड

येळ्ळूरचा आहे, बरीच वर्षं न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला. इथं तर ब्रोशिवाय पान हलत नाही. पहिल्या दिवशी माझा सुपरवायझर, माझ्या वडलांच्या वयाचा सामोअन माणूस, मला म्हणाला, "ऑल गुड ब्रो?" मी उभा राहून "यस सर" म्हणालो. त्यानं खांद्यावर हात ठेवला. बसमधनं उतरताना लोक ड्रायव्हरला थँक्स ब्रो म्हणतात, आभार मानायचे तर "चर ब्रो" म्हणतात. हे इथं रुजलं ते बरंचसं माओरी आणि सामोआ-टोंगाकडून आलेल्या लोकांच्या बोलण्यातून.

हिरण्यकेशीताईंचं वाचून चमकलो, कारण माओरी भाषेतही तुमच्यासारखंच आहे. भावाभावांत मोठा तो तुआकाना, लहान तो तेइना. बहिणीबहिणींतही तेच शब्द. त्यांच्याकडंही वयाला शब्दात जागा आहे, आणि तेच लोक दिवसभर एकमेकांना ब्रो म्हणतात. तरी मराएवर, म्हणजे त्यांच्या सभेच्या जागी, कोण बोलणार हे ठरवताना थोरपण बघितलं जातं. तिथं कुणी ते सोडलेलं नाही.

मार्कंडेय

अभ्यासातलं एक आठवलं. ब्रोचा मोठा भाऊ म्हणावा असा शब्द म्हणजे ड्यूड. १८८३ च्या सुमाराला न्यूयॉर्कमध्ये नटव्या, छानछोकी करणाऱ्या शहरी पोरांना हिणवायला हा शब्द पसरला. हळूहळू हिणवणं गेलं, मग तो नुसता "माणूस" झाला, मग हाक झाला. पिट्सबर्ग विद्यापीठाचे भाषाशास्त्रज्ञ स्कॉट किसलिंग यांनी २००४ साली ड्यूडवर एक निबंधच लिहिला. त्यांचं म्हणणं असं की या शब्दात जवळीक असते, पण मोजून. "आपण एकाच बाजूचे आहोत" एवढं तो सांगतो, गळ्यात पडत नाही. त्यामुळं पुरुषांना एकमेकांशी प्रेमानं बोलायचं असतं पण फार प्रेमानं नाही, तेव्हा तो उपयोगी पडतो. मुलीही तो वापरतात, एकमेकींत जास्त.

संकेश्वरी मिरची, तुमचा भावा आणि ह्यांचा ब्रो यात मला हाच फरक दिसतो. भावा म्हटलं की जबाबदारी येते. उद्या तो दारात येऊन उभा राहिला तर चहा द्यावा लागतो.

संकेश्वरी मिरची

चहा द्यावा लागतो म्हणूनच तर भावा पाहिजे!

बरं, मान्य, त्या पोरानं मान ठेवला होता. पण मला अजून एक कळत नाही. आपल्याकडं दोन्ही भाषांना चालणारी हाक आधीपासून होतीच की. अण्णा. मराठी घरांतही अण्णा आहेत, आमचे आजोबा अण्णाच होते. शब्द द्रविड, पण मराठीनं कधीचाच आपला केला. दादा म्हटलं की तुम्ही मराठी हे लगेच कळतं, अण्णा म्हटलं की कळत नाही. मग अण्णा असताना ब्रोनं असं काय जास्त दिलं?

टिळकवाडी ते पुणे

थोडं विषयांतर, पण कॉलेजच्या मुलांसाठी लिहितो. मी पुण्यात आयटीत आहे, मुलाखती घेतो. हाक म्हणून ब्रो वेगळा आणि इंग्रजीत नाम म्हणून ब्रो वेगळा. "टेक ब्रो", "जिम ब्रो" हे कौतुक नसतं. पैसा, शरीर, स्वतःच्या मतांचा गर्व असलेल्या, कळपानं राहणाऱ्या तरुण पुरुषांना तसं म्हणतात. एका उमेदवारानं ओळख करून देताना स्वतःला टेक ब्रो म्हणवून घेतलं. त्याला वाटलं होतं, त्याचा अर्थ तंत्रज्ञानात हुशार. मुलगा चांगला होता, मी त्याला नंतर बाजूला घेऊन सांगितलं. आणि ईमेलची सुरुवात ब्रोनं करू नका, कितीही मैत्रीचं ऑफिस असो.

दोन चाकं

मी कधी लिहीत नाही इथं. संकेश्वरींच्या प्रश्नाला उत्तर माझ्याकडं आहे असं वाटतं, म्हणून लिहितो.

मी बेळगावात घरपोच पार्सल द्यायचं काम करतो. सकाळी कॉलेज, संध्याकाळी गाडी. मोबाईलवर नाव येतं पाटील. आता हे पाटील मराठी का कानडी? देसाई, कुलकर्णी, पाटील दोन्हीकडं आहेत. शहापूर, अनगोळ, वडगावला मराठी धरून चालतो, रामतीर्थनगरला कानडी धरतो, पण भाड्यानं राहणारे कुठले कुठले असतात. फोन लावला, पलीकडनं "हॅलो" आलं. त्या हॅलोनंतर मला अर्धा सेकंद मिळतो. तेवढ्यात भाषा ठरवायची, वय ठरवायचं. अण्णा म्हणावं तर समोरचा माझ्यापेक्षा लहान निघतो. नुसत्या हॅलोवरनं वय कळत नाही हो.

माझ्यावर दोन्ही वेळा आलीय. एका दारात मराठीत बोललो म्हणून माणूस अंगावर आला, "इल्ली कन्नड माताडु" म्हणत, म्हणजे इथं कानडी बोल. दुसऱ्या एका गल्लीत कानडीत सुरुवात केली तर एक आजोबा म्हणाले, "मराठी पोरगा असून लाज नाही वाटत?" दोघांवरही राग नाही. दोघांची दुखणी जुनी आहेत, मला माहीत आहेत, १ नोव्हेंबरला कर्नाटकाचा राज्योत्सव असतो आणि इथली मराठी माणसं काळा दिवस पाळतात, आमच्या घरातही त्या दिवशी चूल लवकर विझते. पण मी पार्सल घेऊन पावसात उभा होतो.

तेव्हापासनं मी म्हणतो, "हॅलो ब्रो, पार्सल, गेट." चार शब्द. यातला एकही मराठी नाही, एकही कानडी नाही, आणि चारही दोघांना कळतात. मग समोरचा ज्या भाषेत बोलेल ती मी पुढं धरतो. "आलो आलो" म्हणाला की मराठी. "बंदे" म्हणाला की कानडी. "आ रहा हूँ भाई" म्हणाला की तसं. दारात आल्यावर माणूस दिसतो, मग मामा, अण्णा, अक्का, काकू, सगळं परत येतं. ब्रो फक्त त्या अर्ध्या सेकंदापुरता.

बाईचा आवाज असला तर मॅडम म्हणतो. ब्रोला जोडीचा बायकांसाठी शब्द मिळाला नाही अजून. सिस म्हणून बघितलं, विचित्र वाटतं.

निपाणीची सून

दोन चाकं, बाळा, तुझं वाचून डोळ्यांत पाणी आलं. आणि आंटी म्हणत नाहीस याबद्दल तुझे मनापासून आभार. तिशीत कुणी आंटी म्हटलं की काय वाटतं ते बायकांनाच विचारा. त्यापेक्षा अक्का कितीतरी गोड.

हिरण्यकेशी

आमच्या घरीही बंदे म्हणूनच येतो आम्ही. पुढच्या वेळी हुक्केरीकडं ऑर्डर आली तर चहा घेऊन जा, तम्मा. (तुला तम्मा चालेल ना?)

दोन चाकं

चालेल अक्का.

संकेश्वरी मिरची

मिळालं उत्तर. मी हाकेकडं नातं म्हणून बघत होते, आणि या पोराला दार उघडेपर्यंत उभं राहायला वळचण पाहिजे होती. ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. भावा मी सोडणार नाही, आणि माझ्या पोरांनाही सोडू देणार नाही. पण माझ्या दारात कुणी ब्रो म्हणून हाक दिली तर इथून पुढं कपाळाला आठी घालणार नाही. (आणि ताईच, निपाणीच्या सूनबाई!)

खडेबाजारकर (धागाकर्ता)

मंडळी, सगळं दोनदा वाचलं. मुलीलाही वाचून दाखवलं. आता काल काय झालं ते सांगतो.

तोच पोरगा परत आला, आईला घेऊन. साडीला फॉल लावायचा राहिला होता. पायरीवरनंच म्हणाला, "ब्रो, फॉल-पिको करून द्या की." या वेळी कान क्रियापदाकडं होते. द्या. मग वळून आईला म्हणाला, "अव्वा, इल्लि कूडु." म्हणजे आई, इथं बस. तेव्हा मला कळलं की पोरगा कानडी. पहिल्या दिवशी माझ्याशी इतकं सरळ मराठी बोलला होता की शंकासुद्धा आली नव्हती.

विचारलं त्याला. बैलहोंगलकडचा. शिकायला बेळगावात आलाय, शहापुरात मराठी पोरांबरोबर खोली घेऊन राहतो, मराठी तिथंच शिकला. मी म्हटलं, मला ब्रो का म्हणालास? जरा ओशाळला. म्हणाला, दुकानाची पाटी बघून मराठीतच बोलायचं ठरवलं होतं. वाक्य मनात जुळवूनच आत आलो. पण तुम्हाला दादा म्हणायचं, मामा म्हणायचं का काका, ते खोलीवर कुणी शिकवलंच नव्हतं. चुकलं तर तुम्हाला वाईट वाटेल म्हणून ब्रो म्हणालो.

म्हणजे ज्या एका शब्दावर मी आठवडाभर अडून बसलो होतो, तेवढाच एक त्या वाक्यात त्याला ठरवता आला नव्हता. बाकी सगळं वाक्य त्यानं माझ्यासाठी शिकून आणलं होतं.

मी त्याला म्हटलं, मामा म्हण. फॉलला चार दिवस सांगितले. अव्वांना बसायला स्टूल दिलं, "कूड्री" म्हणालो. त्यांनी गल्ल्यामागच्या घडीतली एक जांभळी इरकल दाखवायला सांगितली. मी ती उलगडायच्या आधीच त्यांनी टोक हातात घेतलं, पालथं केलं, आणि मागची बाजू बघितली.